छोटूला काय येत नाही

प्रिय लंबू,

पाकिटावरचं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून आधी सांगून टाकते: सगळे जिवंत आहेत, कोणी दवाखान्यात नाही. आपला छोटू बरा आहे. मी बरी आहे म्हणजे उभी आहे. अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम एवढं जाड पाकीट, तर त्याला कारण आहे. ते मी शेवटी सांगणार आहे, कारण आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस. तुझा नंबर आहे माझ्याकडे. दोनदा फिरवला आणि कट केला. पहिल्याच मिनिटाला मी ओरडले असते आणि तू नेहमीसारखा गप्प बसला असतास. कागदावर निदान माझं वाक्य मला पूर्ण करता येतं.

छापखाना बंद झाला हे तुझ्या कानावर आलंच असेल. मालक गेले, मुलांना त्या धंद्यात रस नव्हता. तुझं ते दोन रंगांचं मशीन भंगारवाल्यांनी कापून नेलं तेव्हा छोटू कानांवर हात ठेवून गेटपाशी उभा होता आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक तुकड्याचं नाव सांगत होता. आठ वर्षं तो माझ्याबरोबर तिथे येत होता, हे तुला बहुधा ठाऊक नाही. बाइंडिंगच्या टेबलावर पुस्तकाचे घडी घातलेले फर्मे क्रमाने जुळवायचा. एका पुस्तकाचे वीस-वीस फर्मे, आणि आठ वर्षांत त्याच्या हातून एका पुस्तकाचं पान मागेपुढे झालं नाही. त्याला मागून हाक मारायची नाही, टेबल जागचं हलवायचं नाही आणि अकराचा चहा म्हणजे अकरालाच, एवढं सगळ्यांनी सांभाळलं. ती माणसं तशी होती म्हणून ते चाललं. आता मी शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका कचेरीत प्रुफं वाचते, काचेच्या खोलीत, नऊ ते सहा. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, घरची काही अडचण नाही ना? मी म्हटलं, छे. असं धडधडीत खोटं बोलायची सवय मला जुनीच आहे, त्याबद्दल पुढे लिहीनच.

छोटू दिवसभर घरी एकटा राहू लागला. वरच्या मजल्यावरच्या मावशी येता-जाता डोकावायच्या. तीन महिने बरे गेले आणि मग ते अंड्यांचं झालं. त्याला अंडी उकडता येतात. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आठ मिनिटं. त्या दिवशी घड्याळाचा सेल संपला. काटा हलेना, म्हणजे त्याच्या हिशेबी आठ मिनिटं झालीच नव्हती. पाणी आटलं, अंडी फुटली, पातेलं लाल झालं, घरभर धूर, आणि हा ओट्यासमोर उभा, खोकतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण नजर घड्याळावर. मावशींनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि गॅस बंद केला. मी धावत आले तेव्हा त्याने मला एवढंच सांगितलं, "अजून झालं नाही." लंबू, सत्तावीस वर्षांचा आहे तो. तुझ्यापेक्षा दोन बोटं उंच झालाय. सगळे अजून छोटूच म्हणतात.

म्हणून मी सरकारच्या दिव्यांग भत्त्यासाठी अर्ज केला. पैशांपेक्षा मला हवा होता तो त्यातला दुसरा भाग. अर्ज मंजूर झाला की दिवसा काही तास घरी एक मदतनीस मिळतो, शिकवून तयार केलेला. माझ्या नऊ ते सहाला छोटूजवळ एक माणूस, एवढंच. पण अर्ज अठ्ठावीस पानी होता आणि प्रत्येक पानावर एकच प्रश्न वेगवेगळे कपडे घालून उभा होता: तुमच्या मुलाला काय येत नाही? शाळेतल्या छोटूच्या वर्गाच्या बाई आठवतात ना तुला? पहिल्या दिवशी काय म्हणाल्या होत्या? "याला काय येत नाही ते सगळ्या जगाला दिसेल, आई. तुम्ही काय येतं ते बघा." मी वीस वर्षं तेच बघितलं. बुटाची नाडी बांधायला दोन वर्षं लागली, तर मी दोन वर्षं म्हटलंच नाही, मी म्हटलं, बांधतो की! नातेवाईक, शेजारी, डॉक्टर, सगळ्यांना मी त्याच्या येणाऱ्या गोष्टींची यादी ऐकवत आले. आणि आता एका सरकारी कागदावर, काळ्या शाईच्या पेनाने, चौकटीच्या बाहेर न जाता, मला माझ्याच पोराविरुद्ध साक्ष लिहायची होती.

आणि तुला माहीत आहे, छापलेलं किंवा लिहिलेलं काही त्याच्या समोर आलं की तो मोठ्याने वाचतो. मी जेवणाच्या टेबलावर लिहीत होते, हा मागे येऊन उभा राहिला आणि बातम्या वाचल्यासारखा वाचायला लागला. "अर्जदार एकट्याने रस्ता ओलांडू शकत नाही. अर्जदार अनोळखी व्यक्तीला धोका सांगू शकत नाही. अर्जदार..." मग थांबला आणि म्हणाला, "हा अर्जदार कोण आहे?" मी म्हटलं, तू. त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाला, "चूक आहे. मी ओलांडतो. हिरवा दिवा लागला की ओलांडतो. दुरुस्त कर." प्रुफं वाचणाऱ्या आईला पोरगा दुरुस्ती सांगत होता, आणि तो खरं बोलत होता. तो ओलांडतो. पण मागच्या वर्षी चौकातला सिग्नल बंद पडला होता तेव्हा तो तिथे साडेतीन तास उभा होता. हिरवा लागेना, म्हणून हलेना. शेवटी फळांच्या गाडीवाल्याने त्याच्या खिशातलं कार्ड बघून मला फोन केला. मी पोचले तेव्हा त्याची पँट ओली झाली होती आणि लोक लांबून वळसा घालून जात होते. हे त्या चौकटीत कसं बसवायचं? चौकट दीड ओळीची होती. मी लिहिलं, "ओलांडू शकत नाही." त्याने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि ते वाक्य खोडलं. मला नवा अर्ज आणावा लागला. तो मी ऑफिसच्या बाथरूममध्ये, दाराला कडी लावून भरला.

मग बोलावणं आलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, एक टेबल, तीन खुर्च्या, लॅपटॉप घेऊन बसलेली एक तपासणीस बाई. तरुण होती, दमलेली होती, वाईट नव्हती, आणि म्हणूनच मला तिचा जास्त राग येतो. छोटूने इस्त्रीचा शर्ट घातला होता. इस्त्री मी केली होती. बावळटपणा कोणाचा, माझाच. या परीक्षेत नापास झालं तरच काही मिळतं, हे मला कळत होतं, पण पोराला चुरगळलेल्या कपड्यांत घराबाहेर न्यायचं माझ्या हातून झालं नाही. आत गेल्यागेल्या त्याने हात पुढे केला, "गुड मॉर्निंग मॅडम, आपण कशा आहात?" हे वाक्य आणि तो हात, चार वर्षांची मेहनत आहे माझी. समोरच्याच्या डोळ्यांत बघवत नाही म्हणून दोन भुवयांच्या मधोमध बघायचं, हेही मीच शिकवलंय. तो तिच्या भुवयांच्या मधोमध बघत होता आणि टेबलाखाली त्याची बोटं एकमेकांना पिरगाळत होती. ती मला दिसत होती, तिला नाही.

तिने विचारलं, दुकानात जाता का? म्हणाला, हो. जातो. खालच्या दुकानात पाच वस्तू, कागदावर लिहिलेल्या. पावाचं वेष्टन बदललं तेव्हा दुकानदाराशी एक शब्द न बोलता कपाटासमोर बसून राहिला होता, पण तसं तिने विचारलंच नाही. स्वयंपाक? हो. मित्र आहेत का? "हो. अकरा." तिने हसून टाइप केलं. ते अकरा मित्र म्हणजे आपल्या घरावरून जाणाऱ्या बसचे ड्रायव्हर आहेत, लंबू. त्यांचे बिल्ला नंबर त्याला पाठ आहेत. त्यांतल्या एकाशीही तो आयुष्यात बोललेला नाही. मी तोंड उघडलं तशी ती गोड आवाजात म्हणाली, "आई, त्याला बोलू द्या ना. तुम्ही त्याला बोलूच देत नाही." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! सहा वर्षांचा होईपर्यंत ज्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, ज्याच्या पहिल्या "पाणी"साठी मी बावीसशे वेळा पेला वर-खाली केला असेल, त्याला मी बोलू देत नाही! पण मी गप्प बसले. आरडाओरडा करणारी आई म्हणून नोंद होईल, या भीतीने गप्प बसले. पस्तीस मिनिटांत संपलं. तो उठला, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि थँक्यू म्हणाला.

दोन जिने तो नीट उतरला. शेवटच्या जिन्यावर त्याचं सगळं सुटलं. पस्तीस मिनिटं आत कोंडून धरलेलं बाहेर आलं. कठड्याच्या लोखंडी नळीवर कपाळ आपटायला लागला, ठण्, ठण्, ठण्. मी मध्ये हात घातला तर मनगटाला चावला. सोडेना. रक्त आलं. माणसं जिन्यावर थिजून उभी. दरवाजावरचा रखवालदार धावत आला, त्याने आपलं जाकीट काढून कठड्याभोवती गुंडाळलं. कुठे शिकला होता कोण जाणे. वीस मिनिटांनी छोटू पायरीवर बसला आणि डोलत राहिला. रखवालदार मला म्हणाला, "बाई, मी बसतो याच्यापाशी. तुम्ही वर जा आणि त्यांना म्हणावं खाली येऊन बघा." मी वर गेले. हातरुमालातून रक्त ठिबकत होतं. तपासणीस बाईंच्या दारावरच्या माणसाने मला आत सोडलं नाही. तुमची वेळ संपली, आत पुढची केस आहे, म्हणाला. मी म्हटलं, दोन मिनिटं फक्त जिन्यापर्यंत या. तो म्हणाला, जे खोलीत दिसतं तेच लिहितात. आणि वर, "हाताला काहीतरी लावून घ्या."

पाच आठवड्यांनी पत्र आलं. नामंजूर. जे येत नाही त्याचे गुण मिळतात; लागतात बारा, छोटूला दिले चार. कारणं खाली लिहिली होती: अर्जदार नीटनेटका असून नजरेला नजर देऊन बोलतो. अर्जदाराचे मित्रमंडळ मोठे आहे. अर्जदार स्वतः स्वयंपाक व खरेदी करतो. आईचा स्वभाव अतिकाळजीचा असून त्यामुळे अडचणी आहेत त्यापेक्षा मोठ्या भासतात. मी ते पत्र उभ्याने वाचलं, मग सवयीने पेन घेऊन बसले. दोन पानांत नऊ चुका. आणि दुसऱ्या पानावर एका ठिकाणी चक्क "ती आपली औषधे वेळेवर घेते". ती! छोटू कुठली औषधं घेतो? दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीच्या अहवालातला परिच्छेद उचलून माझ्या पोराच्या अहवालात चिकटवला होता. छापखान्यात असा फर्मा घुसला असता तर मालकांनी आपल्या दोघांना रस्त्यावर उभं केलं असतं. आणि इथे एका माणसाचं आयुष्य आहे, तर कोणी नजर फिरवायचीही तसदी घेतली नाही. त्या दिवशी मी घरातली एक बशी मुद्दाम फोडली. छोटू म्हणाला, "पडली." मी म्हटलं, हो, पडली.

अपील करता येतं. मी रजा टाकून अपिलाच्या खिडकीवर गेले. तिथला कारकून निवृत्तीला आलेला, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने माझे सगळे कागद वाचले, खरंच वाचले, आणि मान पुढे करून हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही छान लिहिलंय. पण आईचं लिहिणं इथे कोणी धरत नाही. आई असंच लिहिणार म्हणतात. दुसरं कोणीतरी आणा. ज्याने रोज जवळून बघितलंय आणि ज्याला यातून काही मिळायचं नाही." मी घरी येऊन विचार करत बसले, कोण आहे असं? वर्गाच्या बाई आता लेकीकडे असतात. मी भेटायला गेले तर त्यांनी मलाच विचारलं, तुमचं मूल कितव्या वर्गात आहे? मालक गेले. वरच्या मावशींना म्हटलं, तुम्ही लिहून द्या. त्यांनी अगदी आनंदाने, सुंदर अक्षरात लिहून दिलं: "मुलगा अत्यंत शांत व गुणी असून त्याचा कोणालाही त्रास नाही." त्यांना वाटलं, त्याचं चांगलंच सांगायला हवं. मी थँक्यू म्हणाले आणि तो कागद फडताळात ठेवला. मीच वीस वर्षं सगळ्यांना हेच शिकवलं ना.

आता तुझ्याबद्दल. तू गेलास तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, लंबूला दुसऱ्या शहरात मोठ्या प्रेसमध्ये नोकरी लागली. छापखान्यात सांगितलं, माझ्या बहिणीला सांगितलं, छोटूला सांगितलं. अकरा वर्षं तेच सांगतेय. खरं आपल्या दोघांनाच माहीत आहे. तू मिशी काढलीस ते तुला आठवतंच असेल. उकाडा होता, गंमत म्हणून काढलीस, आणि दुपारी घरी आलास तर छोटूने दार अडवलं. "हे बाबा नाहीत." तू बोललास, तर तो किंचाळला, बाबांचा आवाज चोरला म्हणून. तुला त्याने बाथरूममध्ये ढकललं आणि तीन तास तो दारावर धडका देत होता. तू आत, मी बाहेर, त्याच्या पाठीला मिठी मारून. पुढे एकोणीस दिवस तू जिन्यात जेवलास. मिशी पुरती वाढेपर्यंत आपल्याच घरात तुला पाऊल टाकता येत नव्हतं. आणि ती वाढली, त्याने तुला आत घेतलं, काही झालंच नाही अशा थाटात तुला बसचे नंबर सांगायला लागला, तेव्हा तू स्वयंपाकघरात येऊन मला म्हणालास, "मला हे जमत नाही. हा कधीच एकटा जगू शकणार नाही आणि याच्याबरोबर कोणी जगू शकणार नाही. तू हे बघतच नाहीस." मी काय उत्तर दिलं तेही सांगते, तू विसरला असशील तर. मी म्हटलं, तू उगाच बाऊ करतोस. तुझ्यामुळेच तो बिथरतो. अगदी हेच वाक्य, लंबू, शब्द जरा इकडेतिकडे, आता सरकारी शिक्क्यासह माझ्या हातात आलंय.

मी तुझ्यावर चिडलेली आहे. अजूनही. तू गेलास म्हणून, मागे वळून एक पोस्टकार्ड टाकलं नाहीस म्हणून, दर महिन्याला पैसे पाठवले की झालं असं समजलास म्हणून. छोटू दोन वर्षं रोज संध्याकाळी साडेसहाला दार उघडून उभा राहायचा, तेही तुला कधीतरी कळायला हवं होतं, आता कळलं. हा राग मी सोडणार नाहीये, तो माझा आहे. पण तू त्या दिवशी जे बोललास ते खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी तुला घराबाहेर पडू दिलं. थांब म्हटलं नाही. तू थांबला असतास तर ते वाक्य रोज माझ्यासमोर ताटावर बसलं असतं.

तर पत्र कशासाठी, ते आता. येत्या सव्वीस तारखेला सकाळी साडेदहाला अपिलाची सुनावणी आहे. ज्याने रोज जवळून बघितलं आणि ज्याला यातून काही मिळायचं नाही, असा जगात एकच माणूस आहे, आणि तो तू आहेस. मला तुझ्याकडून एक कागद हवाय, तुझ्या अक्षरात, सहीनिशी: मी या मुलाचा बाप आहे, सोळा वर्षं त्याच्याबरोबर राहिलो आणि मग राहू शकलो नाही म्हणून निघून गेलो. का राहू शकलो नाही, ते सगळं लिही. ते दार, ते एकोणीस दिवस, तू मला जे बोललास ते, जसंच्या तसं. स्वतःला चांगलं दाखवू नकोस, मलाही नको, आणि छोटूला तर अजिबात नको. मायेने एक शब्द मऊ केलास तर तेवढा एक गुण जाईल. लाज वाटेल तुला लिहिताना. वाटू दे. मला अठ्ठावीस पानं वाटली. कागद पोस्टाने पाठवलास तरी चालेल, पण तो कारकून म्हणाला की माणूस स्वतः समोर येऊन बोलला तर जास्त धरतात. येशील की नाही ते तुझं तू ठरव. मी "ये" असं लिहिणार नव्हते. लिहिलं.

तुझीच, अजून चिडलेली,
छोटूची आई